किती दिवसांसाठी?

२०१८ च्या संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट. धाकटा मुलगा लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता आणि मी ताटात तूरडाळ घेऊन निवडत होते. लेक न्यू जर्सीत असते. एप्रिलमध्ये तिचे दिवस भरणार होते आणि बाळंतपणाला मी जायचं, हे तिनं मला विचारायच्या आतच ठरून गेलं होतं. राहिला होता तो अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज. तो वाचत होता, मी उत्तरं देत होते.

"आई, व्यवसाय?"

"काय लिहिणार? काही नाही म्हण."

"नाही, यादीत गृहिणी असा पर्याय आहे."

"मग तो टाक की."

"प्रवासाचा खर्च कोण करणार? परदेशात कोण नातेवाईक? याआधी कधी व्हिसा नाकारला होता का?" असं करत करत तो एका पानावर आला आणि एकदम गप्प झाला. नुसता भराभर 'नाही, नाही, नाही' असं टिचकवत सुटला. मी म्हटलं, "अरे, वाच की मोठ्यानं. माझा अर्ज आहे, मला कळायला नको?" तेव्हा त्यानं मान खाली घालून वाचलं. तुम्हाला गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, तुम्ही दहशतवादी कारवायांत भाग घेतला आहे का, वेश्याव्यवसायासाठी तुम्ही अमेरिकेत जात आहात का. डाळीवरचा माझा हात थांबला. बावन्न वर्षांची बाई मी, रोज सकाळी बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय चहा न घेणारी. मुलाच्या तोंडून हा प्रश्न ऐकायची वेळ आली. दोघेही जरा वेळ बोललो नाही, मग दोघांनाही हसू फुटलं.

"आता शेवटचं," तो म्हणाला. "किती दिवसांसाठी?"

"चार महिने."

कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "आमच्या वेळेला गोवासुद्धा परदेशच होता, बाई."

हे वाक्य त्यांच्याकडून मी पूर्वीही ऐकलं होतं; त्या दिवशी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. आज बेळगावची माणसं सकाळी निघून गोव्याला जातात आणि रात्री परत येतात. पण १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालचा. रेल्वेनं जायचं तर अलीकडे कॅसलरॉकला हिंदुस्थान संपायचा आणि घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीज नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागायचं. तरी येणंजाणं चालू होतं, सोयरिकी होत होत्या. सासूबाईंची मावशी फोंड्याला दिलेली. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्यानंतर भारत सरकारनं हद्द बंद केली, रेल्वे थांबली, गोव्यातली आपली वकिलातही बंद झाली. मावशीला तेव्हा सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पाळणा रंगवून तयार. परवान्यासाठी सासूबाईंच्या आजोबांनी खेटे घातले. कागद हातात आला तेव्हा बाळ दीड महिन्याचं झालं होतं. "तेवढ्यासाठी आमची आजी शेवटपर्यंत हळहळली," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी चार तासांवर होती, पण तिच्या डोक्याला तेल घालायला जाता आलं नाही."

मला एकदम वाटलं, कागदाचा हा सगळा खटाटोप कुणी, कधी, कशासाठी सुरू केला ते तरी बघू या. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. पण बी. ए. ला इतिहास होता आणि वाचनालयाची वर्गणी भरलेली होती. मुलाखतीची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तो महिना मी पुस्तकांत घातला. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात अर्थातच आनंदीबाई जोशींपासून केली. अमेरिकेला जाणारी मराठी बाई म्हटलं की दुसरं नाव आठवतच नाही. त्यांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते: नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, मग डॉक्टर व्हायचा ध्यास. गोपाळराव पोस्टात नोकरीला. बदल्या होत होत कोल्हापूरला आले. तिथून त्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसल्या असताना वाचलं आणि हजारो मैलांवरच्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. त्यातून मैत्री झाली. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला धक्क्यावर आल्या होत्या.

मी शोधत होते ते एवढंच, की या अठरा वर्षांच्या मुलीकडे कागद कोणता होता? उत्तर असं की व्हिसा नावाची चीज तेव्हा नव्हतीच. तिकीट होतं, कार्पेंटरबाईंची पत्रं होती आणि सोबतीला मिशनरी बायका होत्या. किती दिवस राहणार, परत कधी जाणार, बँकेत किती पैसे आहेत, यातलं काही निघण्यापूर्वी त्यांनी कुठल्या परक्या सरकारला सांगायचं नव्हतं.

मग आनंदीबाईंना कुणी अडवलंच नाही का? अडवलं तर. पण अडवणारे अमेरिकेचे नव्हते, आपलेच होते. नवऱ्यावाचून एकटी बाई जाते म्हणजे काय, धर्म बुडणार, परत आल्यावर जातीत कोण घेणार, असं लोक तोंडावर बोलत. या सगळ्यांना उत्तर म्हणून त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं. हे श्रीरामपूर आपल्या नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं. मी का जाते, एकटी का जाते, वाळीत टाकतील याची भीती वाटत नाही का, असे एकेक प्रश्न स्वतःच घेऊन त्यांनी उत्तरं दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगितलं. ते वाचताना मनात आलं, की व्हिसाची मुलाखत म्हणजे दुसरं काय असतं? का जाणार, कोणाबरोबर, परत येणार का. प्रश्न तेच. फक्त आनंदीबाईंची मुलाखत स्वतःच्या माणसांनी घेतली होती.

तिकडेही सगळी दारं सताड उघडी होती असं समजू नका. १८७५ साली अमेरिकेनं एक कायदा केला, तो पेज कायदा म्हणून ओळखला जातो. चीन, जपान आणि पूर्वेकडच्या देशांतून येणारी बाई अनीतीच्या धंद्यासाठी तर येत नाही ना, याची चौकशी ती बोटीत बसण्यापूर्वीच तिथल्या अमेरिकन वकिलानं करायची, असं त्यात होतं. त्याचा फटका बसला तो मुख्यतः चिनी बायकांना. हाँगकाँगला त्यांना उलटसुलट प्रश्न विचारत, चारित्र्याचे दाखले मागत. पुष्कळशा साध्या बायका, लग्नाच्या बायकासुद्धा, त्या चौकशीच्या धास्तीनं निघाल्याच नाहीत. अमेरिकेत येणाऱ्यांना गाळणी लावणारा देशपातळीवरचा हा पहिलाच मोठा कायदा, आणि त्या गाळणीत पहिल्यांदा धरली ती बाईची अब्रू. माझ्या मुलानं मान खाली घालून वाचलेला प्रश्न कुठून आला ते मला इथं कळलं. तो प्रश्न माझ्या आजीच्या आजीच्या वयाचा होता.

१८८२ साली आणखी एक कायदा आला. वेडे, गुन्हेगार आणि स्वतःचा भार स्वतः वाहू न शकणारे, जे सरकारच्या गळ्यात पडतील असे लोक, यांना उतरू द्यायचं नाही. शिवाय येणाऱ्या प्रत्येक परक्या प्रवाशामागे ५० सेंट कर बोटवाल्यानं भरायचा. आनंदीबाई उतरल्या त्या या कायद्याला वर्ष व्हायच्या आत. आज आपण बँकेची पुस्तकं, घराचे उतारे, जावयाच्या पगाराची पत्रं फायलीत लावून नेतो, त्याचं मूळ त्या १८८२ च्या काळजीत आहे. ही बाई आमच्या अंगावर तर पडणार नाही ना?

आनंदीबाईंच्या पदवीदानाची गोष्ट तर मला फारच आवडली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या, बरोबर चिमुरडी मनोरमा. आल्या होत्या एका समारंभाला, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गावोगाव भाषणं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले. १८८९ मध्ये परत येऊन मुंबईत शारदा सदन काढलं ते त्या पैशांवर, आणि अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत प्रवासवर्णनही लिहिलं. मी मनाशी म्हटलं, आजच्या नियमात रमाबाईंचं काय झालं असतं? 'प्रयोजन: मैत्रिणीचा पदवीदान समारंभ. मुक्काम: पंधरा दिवस.' उतरताना अधिकाऱ्यानं दिलेली मुदत उलटली की त्या बेकायदा ठरल्या असत्या आणि शारदा सदन कदाचित निघालंच नसतं.

आपल्या जैन समाजातलं उदाहरण वीरचंद राघवजी गांधींचं. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं आचार्य आत्मारामजींना आलं. साधू पायी विहार करणारे, ते बोटीत कसे बसणार? त्यांनी आपल्या जागी वीरचंदभाईंना पाठवलं. एकोणतीस वर्षांचे, मूळ महुव्याचे, मुंबईत शिकलेले. पगडी बांधून ते परिषदेत बोलले आणि पुढे कितीतरी दिवस अमेरिकेत व्याख्यानं देत हिंडले. त्यांनाही तिकडच्या बंदरात कुणी अडवलं नाही. इकडे मात्र समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी मोठा विरोध केला. तेव्हा आत्मारामजीच त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात आपली माणसं अडली ती उंबरठ्याच्या आतल्या बाजूला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत सगळं उलटं झालं. इकडचा उंबरठा हळूहळू झिजला आणि तिकडे भिंत उभी राहिली.

ती कशी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातली शेतकरी माणसं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर कामाला जाऊ लागली. तिथल्या गोऱ्या कामगारांना ते खुपलं. १९०७ साली बेलिंगहॅम गावात जमावानं हिंदी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, अमेरिकेनं नकाशावर एक मोठा पट्टाच आखला आणि त्यातल्या आशियाई लोकांना राहायला येण्याची बंदी केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. काही जणांना मात्र सूट होती: सरकारी अधिकारी, शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, वकील, व्यापारी, आणि कुतूहल किंवा मौजेखातर प्रवास करणारे. या लोकांच्या बायका-मुलांनाही सूट होती. बायको म्हणून आलात तर दार किलकिलं. कायद्यानं बाईची ओळख नवऱ्याच्या कामावरून धरली ती अशी.

त्याच सुमारास पहिलं महायुद्ध चालू होतं. हेरांच्या भीतीनं सगळ्याच देशांनी पासपोर्ट आणि व्हिसा सक्तीचे केले. युद्धापुरता म्हणून आलेला हा नियम युद्ध संपल्यावर परत गेलाच नाही. आपल्याकडे १९२० साली पासपोर्टचा कायदा झाला. अमेरिकेनं १९२४ मध्ये व्हिसाची पद्धत कायमची केली. यात एक बारीक गोष्ट आहे, ती आपल्याला कळायला हवी. तोवर प्रवाशाचा निवाडा पलीकडच्या बंदरात होत असे. आता तो आधीच, प्रवाशाच्या स्वतःच्या देशातल्या वकिलातीत होऊ लागला. अमेरिकेचं दार आपल्या मुंबईत येऊन बसलं म्हणा ना.

या नव्या व्यवस्थेत मोठीमोठी माणसंही दुखावली गेली. १९२९ साली रवींद्रनाथ टागोर कॅनडाहून अमेरिकेत गेले. नोबेल मिळून सोळा वर्षं झालेली, वय अडुसष्टाच्या घरात. पासपोर्ट हरवला होता. अधिकाऱ्याच्या प्रश्नांनी आणि वागणुकीनं ते इतके व्यथित झाले, की दौरा आवरता घेऊन निघून आले.

१९४६ मध्ये थोडी फट पडली. वर्षाला शंभर हिंदी माणसांनी कायमचं यावं, एवढी. आख्ख्या देशातून शंभर! खरं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं, आणि आज ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा आपण सगळ्याजणी त्या कायद्याच्या ऋणात आहोत. पण मधे १९५२ साली झालेल्या कायद्यात एक कलम आहे, ते आजही लागू आहे. थोड्या दिवसांसाठी येतो म्हणणारा माणूस कायमचा राहायलाच येतो आहे, असं अधिकाऱ्यानं गृहीत धरायचं; तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. न्यायालयात गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. इथं नेमकं उलट.

आपल्या सरकारचीही बाजू ऐका, नाहीतर सगळा दोष परक्यांवर ढकलल्यासारखं होईल. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षं आपल्याकडेही पासपोर्ट हा हक्क नव्हता. द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारला मनमानी करता येणार नाही. मग त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. त्या काळात गेलेल्यांना खिशात आठ डॉलर घेऊन विमानातून उतरल्याचं अजून आठवतं. सरकार त्याहून जास्त परकीय चलन नेऊ देत नसे. आणि बायकांचा म्हणून एक वेगळाच त्रास. माझं माहेरचं नाव वेगळं, सासरी आल्यावर ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं नाव वेगळं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी. या दोघी एकच, हे सिद्ध करायला २०१२ साली मला लग्नाचा दाखला काढावा लागला, तोही लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर. २०१६ च्या अखेरीस सरकारनं लग्नाच्या दाखल्याची ती अट काढून टाकली, हे बरं केलं. आनंदीबाईही माहेरच्या यमुना होत्या बरं का. आजचा अर्ज भरायचा असता तर 'याआधी वापरलेली नावं' या रकान्यात त्यांनाही ते लिहावं लागलं असतं.

आता माझ्या मुलाखतीकडे येते.

व्हिसा म्हटलं की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. भिशीत एक म्हणाल्या, "बाळंतपण म्हणू नका हो, नायगारा बघायला जाते म्हणा." दुसऱ्या म्हणाल्या, "तीन आठवडे सांगा, मग आत गेल्यावर रहा की सहा महिने." त्यांचा हेतू वाईट नव्हता, सगळ्या पोळलेल्या, घाबरलेल्या. मीही दोन दिवस आरशासमोर नायगारा नायगारा करत होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना राहवलं नाही. "नातवंडाचं तोंड बघायला जातीस आणि पहिलं पाऊल खोट्यावर टाकतीस?" एवढंच म्हणाल्या.

सासूबाईंनी दिग्व्रत घेतलेलं आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे एक: दहा दिशांना आपण कुठवर जायचं याची मर्यादा जन्मभरासाठी आपणच घालून घ्यायची, म्हणजे त्यापलीकडचा लोभ आणि हिंसा आपोआप सुटते. त्यांची मर्यादा हिंदुस्थानची. त्याच्याच जोडीला देशव्रत असतं. ठरावीक काळासाठी, ठरावीक जागेपुरतं. एक पक्ष, एक महिना, एक चातुर्मास. आखलेली हद्द मोहापायी मागाहून वाढवून घेणं हा अतिचार, म्हणजे व्रताला लागलेला डाग. त्याला क्षेत्रवृद्धी असा शब्दच आहे. त्या दिवशी मला वाटलं, चार महिन्यांचा परवाना घेऊन जाणं हे देशव्रतासारखंच की. फरक इतकाच, की व्रताची रेघ आपण आखतो आणि ही दुसऱ्यानं आखलेली. पण पाळायची तर तितक्याच सरळपणानं. मी खरं सांगायचं ठरवलं, मग नकार आला तरी चालेल. हे मनात म्हणायला सोपं. रात्रीच्या बसनं मुंबईला जाताना डोळ्याला डोळा लागला नाही. समोर मावशीचा रंगवलेला पाळणा दिसत होता.

आदल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपलीकडे माझ्या लेकीच्या वयाची अधिकारी होती आणि शेजारी मराठी बोलणारी दुभाषी बाई.

"कशासाठी जाताय?"

"लेकीचं बाळंतपण आहे. तिला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला जातेय."

न्हाऊमाखूचं इंग्रजी करताना दुभाषी बाई जरा अडखळल्या आणि हसल्या.

"किती दिवसांसाठी?"

"चार महिने. चातुर्मास बसायच्या आत परत यायचंय."

"परत कशासाठी याल?"

माझ्या मांडीवर तीन इंच जाडीची फाईल होती. घराचा उतारा, ह्यांचे पेन्शनचे कागद, बँकेची पासबुकं. यातल्या एकाही कागदावर माझं काम लिहिलेलं नव्हतं. गृहिणीच्या कामाचा दाखला कोणतं ऑफिस देतं? मी म्हटलं, "माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रात्री जेवत नाहीत. दिवस मावळायच्या आत त्यांना गरम वाढायचं असतं. चार महिने जाऊबाई करणार आहेत, पुढे मलाच करायचंय."

हे इंग्रजीत कसं गेलं ठाऊक नाही. ती मुलगी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग कळफलकावर काहीतरी टाइप करून म्हणाली, व्हिसा मंजूर आहे. फाईलचा दोरासुद्धा सोडावा लागला नाही. म्हणून खरं बोललं की मिळतोच, असं मी कुणाला सांगणार नाही. खरं सांगूनही नकार आलेल्या बायका मला माहीत आहेत. पण मी उत्तर दिलं ते माझं होतं, एवढं समाधान.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण यात पुष्कळांची गफलत होते. व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, म्हणजे दहा वर्षांत केव्हाही दारापर्यंत जाता येतं. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने, आणि ती तारीखच खरी हद्द. पासपोर्टवरचं चिकटपत्र बघून निवांत राहू नका. मी ती तारीख पंचांगात लाल पेनानं लिहून ठेवली होती.

नात झाली. न्हाऊमाखू झालं, शेक-शेगडीऐवजी हीटर झाला, डिंकाचे लाडू झाले. जून संपता संपता मी जावयांना म्हटलं, मला एका ठिकाणी जायचं आहे. न्यू जर्सीहून दोन-अडीच तास उत्तरेला पोकीप्सी म्हणून गाव आहे. पदवी घेतल्यावर आनंदीबाईंची कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली, पण क्षयानं पोखरलेल्या देहानं त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय पुरतं बावीसही नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंना पाठवली आणि त्या बाईंनी ती पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या घरच्या माणसांच्या शेजारी ठेवली.

हिरवळीवर एक साधा दगड आहे. त्यावर नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ ही सालं, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी नोंद. नात माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिथं चप्पल काढून उभी राहिले. आपली माणसं आनंदीबाईंना वाळीत टाकायची भाषा करत होती आणि एका परक्या बाईनं त्यांना स्वतःच्या घरच्यांत कायमची जागा दिली होती. तिथं 'किती दिवसांसाठी' असं कुणी विचारलं नव्हतं.

जुलैमध्ये, चातुर्मास बसायला आठवडा असताना, मी बेळगावला पोचले. लाल पेनानं लिहिलेल्या तारखेला अजून अडीच महिने होते. सासूबाई दारातच उभ्या होत्या. संध्याकाळचे पाच वाजले होते. मी हातपाय धुतले, पदर खोचला आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.